टोकियो ते तेनरी : कॅलक्युलेटरच्या जन्मस्थळांचा प्रवास

शनिवार : हानेडा

हानेडा विमानतळावरून बाहेर पडताना १९५६ च्या अखेरीस याच ठिकाणी घडलेला एक प्रसंग मला राहून राहून आठवत होता. काशिओ बंधूंनी अनेक वर्षे खपून विजेवर चालणारे एक गणनयंत्र तयार केले होते आणि ते साप्पोरो शहरात जाणकारांपुढे चालवून दाखवायचे होते. सामानाच्या ठरलेल्या आकारात ते बसत नसल्याने विमानात चढवण्यापूर्वी त्याचा वरचा भाग उतरवावा लागला, आणि साप्पोरोला पोहोचल्यावर रात्रभर खटपट करूनही यंत्र काही चालू झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे संशोधक तोशिओ काशिओ यांनी मुक्या यंत्राशेजारी उभे राहून स्लाइडच्या साहाय्याने त्याचे कार्य समजावून सांगितले. आश्चर्य असे की, त्यानंतर कार्यालयीन सामग्री विकणाऱ्या उचिदा योको या कंपनीने आपण होऊन भावांशी संपर्क साधला आणि यंत्राच्या विक्रीची जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी, जून १९५७ मध्ये, काशिओ या आडनावावरून नाव घेतलेली कॅसिओ ही त्यांची कंपनी स्थापन झाली.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वही-पेनाबरोबर कॅसिओचा ‘एफएक्स’ मालिकेतला सायंटिफिक कॅलक्युलेटर आणतो, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की हे यंत्र कोणी, कशातून आणि कोणत्या अडचणीतून घडवले असेल, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न घेऊनच मी जपानला गेलो होतो. माझी भाची निशि-कासाई भागात राहते. तिथे भारतीयांची वस्ती मोठी असल्याने पहिल्या रात्रीच गरम पिठले-भात मिळाला. संग्रहालयांची नोंदणी तिने आधीच करून ठेवली होती.

रविवार : उएनो आणि हिबिया

सकाळी उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात गेलो. नोव्हेंबरचा शेवट असल्याने उद्यानातली गिंको झाडे पिवळीधमक झाली होती, ऊन कोवळे होते आणि वारा मात्र बोचत होता. संग्रहालयात ‘फुजिक’ हा जपानमध्ये पूर्ण झालेला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक जपून ठेवला आहे. फुजी फोटो फिल्म कंपनीतील ओकाझाकी बुंजी यांनी कॅमेऱ्याच्या भिंगांची आकडेमोड करण्यासाठी तो घडवला आणि १९५६ मध्ये पूर्ण केला. त्यात सुमारे १,७०० निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) आहेत. त्यांच्या रांगांसमोर उभे राहिल्यावर काशिओ बंधूंनी याच सुमारास घेतलेला वेगळा निर्णय नीट समजतो. निर्वात नळ्या तापतात, जळतात, त्यांना सतत निगा लागते. कचेरीत एका कारकुनाच्या हाती द्यायच्या यंत्रात त्या घालणे त्यांना मानवणारे नव्हते. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरला जाणारा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारा खटका, निवडला. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

दुपारी हिबियातल्या टोकियो ताकाराझुका नाट्यगृहापाशी गेलो. आजची इमारत नवी आहे, पण युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असताना इथल्या नाट्यगृहाला एर्नी पाइल या अमेरिकन युद्धवार्ताहराचे नाव देण्यात आले होते. तिथे १२ नोव्हेंबर १९४६ रोजी एक विलक्षण स्पर्धा झाली. एका बाजूला विजेवर चालणारे गणनयंत्र घेतलेला अमेरिकन सैनिक थॉमस वुड, तर दुसऱ्या बाजूला जपानी मणिचौकट, म्हणजे सोरोबान, घेतलेले दळणवळण मंत्रालयाचे कर्मचारी मात्सुझाकी कियोशी. पाचपैकी चार फेऱ्या सोरोबानने जिंकल्या. यंत्राला केवळ गुणाकारात आघाडी मिळाली. त्या निकालाने जपानी लोक सुखावले. तोशिओ काशिओ हेही त्याच मंत्रालयात तंत्रज्ञ म्हणून काम केलेले, पण त्यांनी यातून वेगळा अर्थ घेतला. सोरोबानवरचा वेग ही त्या माणसाने वर्षानुवर्षे कमावलेली सिद्धी असते. यंत्राचा वेग मात्र तंत्राने वाढवता येतो आणि एकदा वाढला की कोणाच्याही हाती देता येतो. १९४९ मध्ये इथून जवळच, गिन्झात भरलेल्या व्यवसाय-साहित्याच्या प्रदर्शनात परदेशी विद्युत गणनयंत्रे पाहिल्यावर भावांचा निश्चय पक्का झाला.

जाणाऱ्यांसाठी : उएनोचे संग्रहालय साधारणपणे सोमवारी बंद असते. रविवारी दुपारी गिन्झाचा मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद ठेवतात, त्यामुळे हिबियाहून गिन्झापर्यंत पायी जाणे सुखाचे होते.

सोमवार : मिताका आणि जिंदाइजी

सकाळपासून रिपरिप पाऊस होता. मिताका हे टोकियोच्या पश्चिमेचे उपनगर. एप्रिल १९४६ मध्ये तादाओ काशिओ यांनी आपला छोटा कारखाना याच गावात सुरू केला. आज इथे पाहण्यासारखी खूण अशी काही नाही, परंतु तामागावा कालव्याच्या काठाने चालताना त्या कुटुंबाची वाटचाल डोळ्यांपुढे उभी राहते. काशिओ मूळचे शिकोकु बेटावरील कोची प्रांतातले. १९२३ च्या महाभूकंपानंतर उद्ध्वस्त टोकियोच्या पुनर्बांधणीत काम मिळेल म्हणून ते राजधानीत आले. वडील शिगेरु ट्रामचे भाडे वाचवण्यासाठी कामावर कित्येक तास पायी जात-येत असत. थोरले तादाओ लेथवर काम करता करता शिकले आणि त्या कामात निष्णात झाले.

कारखान्याला पहिले बरे दिवस दाखवले ते अंगठीच्या आकाराच्या सिगारेट-नळीने. युद्धानंतर सिगारेटींची इतकी टंचाई होती की लोक त्या अगदी टोकापर्यंत ओढत. बोटात घालायच्या अंगठीवरच सिगारेट धरणारी नळी बसवली, तर हात कामाला मोकळे राहतात आणि सिगारेट शेवटपर्यंत पुरते, ही कल्पना तोशिओ यांची. तादाओ यांनी ती लेथवर घडवली आणि वडिलांनी फिरून विकली. त्यातून आलेला पैसा गणनयंत्राच्या प्रयोगांत गेला. थोरल्याने भांडवल आणि व्यवहार पाहायचा, दुसऱ्याने शोध लावायचे, तिसरे काझुओ यांनी विक्री सांभाळायची आणि धाकटे युकिओ यांनी यंत्राचे आराखडे काढून उत्पादन उभे करायचे, अशी कामाची वाटणी त्या घरात होत गेली. चार भावांचा हा मेळ अनेक दशके टिकला, ही मला त्यांच्या कोणत्याही शोधाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

१९५४ मध्ये त्यांचे पहिले यंत्र तयार झाले होते. त्यात सोलेनॉइड, म्हणजे वीज सोडताच लोखंडी दांडा आत खेचणारी तारेची वेटोळी होती. ते यंत्र विक्रेत्यांना दाखवले, तेव्हा त्याला सलग गुणाकार करता येत नाही, म्हणजे एका गुणाकाराचे उत्तर पुन्हा न भरता पुढच्या संख्येने गुणता येत नाही, असा आक्षेप आला. आक्षेप खरा होता. एवढ्या वर्षांचे काम बाजूला ठेवून संपूर्ण यंत्र रिलेवर नव्याने बांधायचे, असे तोशिओ यांनी सुचवले आणि भावांनी ते मान्य केले. पोटाला चिमटा घेऊन केलेले काम असे मोडीत काढायला किती धैर्य लागले असेल, याचा विचार करत मी त्या ओल्या वाटेवरून बराच वेळ चाललो.

दुपारी बसने जिंदाइजी या जुन्या मंदिराच्या परिसरात गेलो. मंदिराभोवती सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, देणारी बरीच दुकाने आहेत आणि या दिवसांत नव्या पिकाचा सोबा मिळतो. ज्या दुकानात बसलो तिथल्या वयस्कर मालकीणबाईंच्या गल्ल्याशेजारी सोरोबान आणि कॅलक्युलेटर दोन्ही होते. भाचीने दुभाषीपण केले. बाई म्हणाल्या, “बेरीज-वजाबाकी मी अजून सोरोबानवरच करते. कराचे आकडे आले, की हे दुसरे घेते.” हिबियातल्या स्पर्धेचा निकाल जणू त्यांच्या गल्ल्यावर अजून कायम होता. थंड सोबा संपल्यावर तो उकळलेले गरम पाणी त्याच रश्शात ओतून प्यायला देतात. पावसाळी हवेत ते फार बरे वाटले.

जाणाऱ्यांसाठी : सोब्याच्या रश्शात बहुधा वाळवलेल्या माशांचा अर्क असतो. शुद्ध शाकाहारी व्यक्तींनी आधी विचारून घ्यावे. मिताका आणि किचिजोजी या दोन्ही स्थानकांवरून जिंदाइजीला बस जाते.

मंगळवार : सेइजो

ज्याच्यासाठी हा सारा प्रवास आखला, तो दिवस लख्ख उजाडला. ओदाक्यू मार्गावरच्या सेइजोगाकुएन-माए स्थानकावर उतरलो. शाळेसमोरच्या गिंकोच्या रांगेखाली पिवळ्या पानांचा थर पडला होता. रेल्वेमार्गावरच्या एका पुलावरून पश्चिमेला फुजी पर्वत स्वच्छ दिसला. शाळेत निघालेली दोन लहान मुलेही क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहत होती. तिथून शांत वस्तीतून चालत गेल्यावर तोशिओ काशिओ यांचे घर लागते. ते २०१२ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या राहत्या घरात हे शोध-स्मारक संग्रहालय उघडले. घरासारख्या घरात, बागेकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी, ही यंत्रे ठेवलेली आहेत, त्यामुळे कंपनीच्या दालनात जाणवतो तो परकेपणा इथे जाणवत नाही.

पहिल्या दालनात १४-ए, म्हणजे काशिओ बंधूंचे रिलेवर चालणारे गणनयंत्र, आहे. १९५७ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र एखाद्या लेखनमेजाएवढे असून त्याचे वजन १४० किलो आणि तेव्हाची किंमत ४,८५,००० येन होती. नव्या पदवीधराला त्या काळी महिन्याला दहा हजार येनांच्या आसपास पगार मिळत असे, हे लक्षात घेतले तर ते कचेऱ्या आणि संशोधनसंस्था यांनाच परवडणारे होते, हे उघड आहे. वर बटणे आणि आकड्यांची खिडकी, तर खाली रिलेंच्या रांगा. रिले म्हणजे तारेचे वेटोळे, त्याच्यापुढे लोखंडाची छोटी पट्टी आणि पट्टीने जोडले किंवा तोडले जाणारे धातूचे स्पर्शबिंदू. वेटोळ्यात वीज आली की पट्टी खेचली जाते आणि मंडल जोडले जाते. वीज गेली की ते तुटते. जोडलेले किंवा तुटलेले, या दोनच अवस्थांच्या साखळ्यांतून बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार उभा करायचा.

आमच्या वाटाड्या गृहस्थांनी हळुवारपणे बटणे दाबली. गुणाकाराचा आदेश मिळताच यंत्राच्या पोटातून कडकडाट सुरू झाला, एकेका रांगेतून पुढे सरकला आणि थांबला; आकडे खिडकीत उजळले. उत्तर येण्यापूर्वीचा तो अवधी आपल्याला ऐकू येतो. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना तर्कमंडले फळ्यावर काढून दाखवली, पण एखादी गणना घडताना प्रत्यक्ष कानांनी ऐकण्याचा योग त्या दिवशी प्रथमच आला, आणि माझे डोळे भरून आले. गृहस्थांनी काही न बोलता तोच गुणाकार पुन्हा करून दाखवला.

त्यानंतर त्यांनी जे समजावले, ते मला या इतिहासाचे मर्म वाटते. त्या काळचे रिलेवरचे संगणक हजारो रिले वापरत आणि अख्खी खोली व्यापत. तोशिओ यांनी मंडलांची मांडणी पुन्हा पुन्हा तपासून ती संख्या ३४१ वर आणली. रिलेच्या स्पर्शबिंदूंवर बारीक धूळ बसली तरी हिशेब चुकतो, म्हणून धुळीचा त्रास होणार नाही असा रिलेही त्यांनी घडवला. तेव्हाच्या यंत्रांवर प्रत्येक स्थानासाठी बटणांचा स्वतंत्र उभा स्तंभ असे. त्यांनी सगळ्यांच्या जागी दहाच बटणे ठेवली. पहिली संख्या, दुसरी संख्या आणि उत्तर यांसाठी तीन वेगळ्या खिडक्या असत. त्यांनी एकच ठेवली, जिच्यात भरलेली संख्या काम झाले की निघून जाते आणि उत्तर प्रकट होते. आज आपल्या हातातला प्रत्येक कॅलक्युलेटर याच रीतीने चालतो. काय घालावे यापेक्षा काय काढून टाकता येईल, याचा एवढा चिकाटीने विचार करणारा माणूस या घरात राहत होता.

‘गरज ही शोधाची जननी’ असे आपण म्हणतो. तोशिओ यांचा आग्रह उलट होता. शोध आधी लागतो आणि गरज त्याच्या पोटी जन्म घेते, असे ते मानत. पुढच्या दालनात त्याचा पुरावा ठेवलेला आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये आलेला ‘कॅसिओ मिनी’ तळहातावर मावतो. त्याची किंमत १२,८०० येन, म्हणजे त्या वेळच्या इतर कॅलक्युलेटरांच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर, होती. ती खाली आणण्यासाठी खिडकी सहाच अंकांची केली आणि दशांशचिन्हाचे बटण काढून टाकले. गुणाकार मोठा झाला तर उरलेले अंक एक बटण दाबून पाहायचे. कारखान्यात आणि बँकेत असे यंत्र अपुरे पडले असते, पण घरखर्च लिहिणाऱ्याला किंवा बोलिंगच्या खेळात गुण मोजणाऱ्याला सहा अंक पुरेसे होते. दहा महिन्यांत दहा लाख नग विकले गेले. घराघरांत कॅलक्युलेटर हवा अशी मागणी तोवर कोणी केलेली नव्हती. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेला एसएल-८०० हा कॅलक्युलेटर तर केवळ ०.८ मिलिमीटर जाड आणि १२ ग्रॅम वजनाचा आहे. १४-ए पाहून आल्यावर तो काचेत शोधावाच लागतो.

घड्याळांच्या दालनात १९७४ चे ‘कॅसिओट्रॉन’ आहे. वेळ म्हणजे एकेका सेकंदाची अखंड बेरीज, म्हणून बेरीज जाणणाऱ्याने घड्याळ करण्यात काहीच वावगे नाही, असा तोशिओ यांचा विचार होता. आवाजाच्या दालनात १९८० चे ‘कॅसिओटोन २०१’ हे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड-वाद्य आहे. त्यांना संगीताची ओढ होती, पण वाद्य वाजवता येत नव्हते. आपल्यासारख्यांनाही अनेक वाद्यांचे स्वर काढता यावेत, ही त्यामागची तळमळ. शेवटी त्यांची अभ्यासिका पाहिली आणि बराच वेळ तिथेच रेंगाळलो.

निघताना वाटाड्यांनी मी कुठून आलो ते विचारले. महाराष्ट्रातून, असे सांगताच भाचीने त्यांना जीएसटीचे दर बटणांवर बसवलेल्या, खास भारतासाठी काढलेल्या कॅसिओ कॅलक्युलेटरविषयी सांगितले. पुण्यातल्या तिच्या वडिलांच्या दुकानात तो आहे. ते ऐकून त्यांनी बटणांची मांडणी कशी असते हे बारकाईने विचारून घेतले.

जाणाऱ्यांसाठी : या संग्रहालयासाठी आधी नोंदणी आवश्यक आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि ते कामाच्या दिवशीच पाहता येते. स्थानकापासून साधारण पंधरा मिनिटांची चाल आहे. हवा स्वच्छ असेल तर फुजीसाठी सकाळची वेळ धरावी.

बुधवार : आकिहाबारा, मग क्योटो

आकिहाबाराच्या रेल्वेपुलाखाली सुट्या विद्युतभागांची हातभर रुंदीची दुकाने अजून टिकून आहेत. एका वृद्ध दुकानदाराकडे जुन्या घडणीचा रिले मिळाला. त्यांनी तो विकण्यापूर्वी विजेला जोडून टिक-टिक वाजवून दाखवला, आणि मी १४-ए पाहून आलो आहे हे कळल्यावर तसाच दुसरा भेट म्हणून पिशवीत टाकला.

याच बाजाराने सत्तरच्या दशकातली कॅलक्युलेटरांची जीवघेणी किंमतयुद्धे पाहिली. डझनावारी कंपन्या उतरल्या आणि बहुतेक बाहेर पडल्या. बिझिकॉम ही त्यांतली सर्वांत चटका लावणारी कंपनी आहे. तिच्या कॅलक्युलेटरसाठी इंटेलकडे दिलेल्या कामातून, आणि त्यात तिचे तरुण अभियंते शिमा मासातोशी यांनी घेतलेल्या सहभागातून, १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे आकडेमोडीचा मेंदू एकाच चिपवर सामावणारा भाग, जन्मला. ज्या चिपपासून पुढचे संगणकयुग सुरू झाले, ती मागवणारी कंपनी १९७४ मध्ये बुडाली. दुपारच्या शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योटो गाठले आणि रात्री युदोफू, म्हणजे गरम पाण्यात उकळलेला मऊ टोफू, खाल्ला.

गुरुवार : तेनरी

क्योटोहून दक्षिणेला नारा प्रांतातले तेनरी हे तेनरीक्यो पंथाचे मुख्य स्थान आहे. स्थानकापासून मंदिराकडे जाणाऱ्या वरून छत असलेल्या लांब बाजारात काळे अंगरखे घातलेले भाविक भेटतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाचे ‘घरी परत आलात’ अशा शब्दांत स्वागत होते. बोचऱ्या थंडीत एका फळवालीने एक पिकलेले पर्सिमॉन कापून हातावर ठेवले. या भागात ती फळे विपुल होतात.

शार्प या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संग्रहालय याच गावात आहे. १९७० मध्ये ओसाकाजवळच्या सेनरी टेकड्यांवर जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा तिथे दालन उभारण्याऐवजी शार्पने आपला पैसा तेनरीत संशोधनकेंद्र आणि अर्धवाहकांचा कारखाना उभारण्यात घातला. सहा महिन्यांच्या शोभेपेक्षा तो निर्णय अधिक दूरदृष्टीचा होता, असे मला वाटते. संस्थापक हायाकावा तोकुजी यांनी १९१५ मध्ये घडवलेली यांत्रिक पेन्सिल इथे पाहायला मिळते. कंपनीचे नाव तिच्यावरूनच आले. १९२३ च्या त्याच महाभूकंपात त्यांची पत्नी, दोन मुले आणि कारखाना गेला, आणि त्यांनी ओसाकात पुन्हा शून्यातून सुरुवात केली. ज्या आपत्तीने काशिओ कुटुंबाला टोकियोत आणले, तिनेच हायाकावांना तिथून बाहेर काढले.

मार्च १९६४ मध्ये त्यांच्या कंपनीने जाहीर केलेला सीएस-१०ए हा कॅलक्युलेटर पूर्णपणे ट्रान्झिस्टर आणि डायोड या हलणारे भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक घटकांवर चालणारा होता. वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. रिलेची सद्दी त्या दिवशी संपली. तोशिओ यांचे मन रिलेत गुंतलेले असताना कॅसिओ मागे पडली आणि तिला आपला इलेक्ट्रॉनिक कॅलक्युलेटर, ००१, आणायला १९६५ उजाडले. सेइजोत त्या यंत्राचा आवाज ऐकून आल्यामुळे या माघारीच्या क्षणाची वेदना मला अधिक जाणवली. एवढ्या निष्ठेने सिद्ध केलेली वस्तू सोडून देणे कोणत्याही कारागिराला जड जाते. पण कॅसिओने ती सोडली, आणि म्हणूनच ‘मिनी’पर्यंत पोहोचली.

शार्पमध्ये १९६४ साली आलेले सासाकी तादाशी यांनी ट्रान्झिस्टरही कमी करत नेले. त्यांनी अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीकडून एकात्मिक मंडले, म्हणजे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र असलेल्या चिप, बनवून घेतली आणि १९६९ मध्ये क्यूटी-८डी हा ९९,८०० येनांचा कॅलक्युलेटर आला. शेवटच्या काचेत १९७३ चा ईएल-८०५ आहे. ‘मिनी’ने अंक कमी केले, तर याने विजेची भूक कमी केली, द्रव-स्फटिकांच्या (एलसीडी) पडद्यामुळे तो एका साध्या पेन्सिल सेलवर शंभर तास चालत असे. त्याच्याजवळच २००५ मध्ये आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शार्पच्या १९६४ ते १९७३ या काळातील कॅलक्युलेटरांना दिलेला मैलाच्या दगडाचा फलक पाहायला मिळतो.

जाणाऱ्यांसाठी : इथेही आधी नोंदणी करावी आणि उघडण्याचे दिवस निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. क्योटोहून किन्तेत्सु रेल्वेने, किंवा नाराहून जेआरने तेनरीला जाता येते. दोन्ही संग्रहालये पाहायची असतील, तर सेइजो आधी आणि तेनरी नंतर असा क्रम ठेवावा; रिलेचा कडकडाट कानांत असताना ईएल-८०५ समोर उभे राहिल्यास मधल्या सोळा वर्षांत काय काय घडले ते अधिक चांगले कळते.